भाव किलोचा की वर्षाचा?

पत्र्यांच्या दुकानात कधी गेलात, तर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे बोलणे जरा कान देऊन ऐका. "काय भाव?" हा पहिला प्रश्न. "काही कमी नाही का होणार?" हा दुसरा. मग पत्रे मोजले जातात, टेम्पोत चढतात आणि व्यवहार संपतो. हा पत्रा किती वर्षे टिकेल, हे बहुधा कोणी विचारतच नाही. माझे म्हणणे असे की, लोखंड घेताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. तो विचारला, तर जस्ताचा चांगला जाड लेप दिलेले लोखंड, जे दुकानात महाग दिसते, तेच बहुतेक वेळा स्वस्त ठरते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. वही-पेन्सिल घेऊन बसा, पुढे थोडे गणित करायचे आहे.

जस्ताचा लेप असलेल्या पत्र्याला आपल्याकडे 'जस्ती पत्रा' म्हणतात, तशाच बादलीला 'जस्ती बादली'. कारखान्यात या क्रियेचे नाव 'गॅल्व्हनायझिंग'. नळाच्या दुकानातला 'जी. आय. पाइप' तो हाच. गॅल्व्हनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्तलेपित लोखंड. हे नाव पडले इटलीतील लुइजी गॅल्व्हानी या शास्त्रज्ञावरून. मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंचा स्पर्श होताच झटका देतो, हे त्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिले होते. गंमत अशी की, लोखंड जस्तात बुडवण्याशी गॅल्व्हानीचा काहीच संबंध नव्हता. ती कल्पना मेलुआँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७४२ मध्ये मांडली आणि सोरेल या फ्रेंच अभियंत्याने १८३७ मध्ये तिचे पेटंट घेतले. तरीही नाव अगदीच चुकले असे नाही. दोन धातू आणि त्यांच्यातील वीज हेच या लेपाचे खरे रहस्य आहे.

ही क्रिया समजून घ्यायची तर आजीला कल्हईबद्दल विचारा. कल्हईवाला पितळेचे भांडे घासून तापवी, त्यात कथील टाकी, नवसागराची पूड भुरभुरवी आणि कापसाच्या बोळ्याने कथील सगळीकडे फिरवी. नवसागराचे काम पितळेवरचा मळ आणि ऑक्साइड काढून टाकण्याचे. ते निघाल्याशिवाय कथील धरत नाही. जस्तलेपनही याच वळणाने जाते. पोलादाची वस्तू आधी कॉस्टिक सोड्याने धुऊन तेलकटपणा काढतात, मग हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवून गंज काढतात, पाण्याने धुतात आणि झिंक अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात घालतात. हा आपल्या नवसागराचाच भाऊबंद. त्यानंतर वस्तू वितळलेल्या जस्ताच्या हौदात बुडवतात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते. हौद ४५० अंशांच्या आसपास ठेवतात. काही मिनिटांत लोखंड आणि जस्त एकमेकांत शिरून मिश्रधातूचे तीन पातळ थर तयार होतात आणि सगळ्यांत वर शुद्ध जस्त राहते. रंग पृष्ठभागाला नुसता चिकटलेला असतो, हा लेप मात्र पोलादातून उगवल्यासारखा असतो. त्यातले काही थर तर खुद्द पोलादापेक्षाही कठीण असतात. जस्ती खांब ट्रकमधून उतरवताना आपटला, तरी लेपाचे टवके सहसा का उडत नाहीत, ते आता कळले असेल.

आणि समजा, ओरखडा पडलाच तर? रंगावर ओरखडा पडला की गंज त्या फटीतून आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. जस्तावर पडला तर निराळेच घडते. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. दोन्ही एकमेकांना चिकटलेले असताना वर पाण्याचा थेंब बसला, की तेथे एक चिमुकला विद्युत् घट तयार होतो. त्यात झिजते ते जस्त. लोखंड उघडे असूनही वाचते. कथिलाचे याच्या नेमके उलट. ते लोखंडापेक्षा कमी क्रियाशील असल्यामुळे कथिलाच्या डब्याला ओरखडा पडला, तर तेथे लोखंडच अधिक वेगाने गंजते. शिवाय जस्त स्वतः फार सावकाश झिजते, कारण हवेतील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे त्याच्यावर जस्त कार्बोनेटची करडी, घट्ट साय धरते. नव्या जस्ती बादलीची चकाकी वर्षभरात जाते, ती याच सायीमुळे. चकाकी गेली म्हणजे बादली खराब झाली असे समजू नका.

जस्त आपल्या देशाला नवे नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे कित्येक शतकांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्त गाळले जात होते. युरोपात विल्यम चॅम्पियनने इंग्लंडमध्ये त्यासाठी पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या बाजारात बिदरी कामाच्या काळ्याभोर डब्या आणि सुरया मिळतात. त्यांचा धातू बहुतांश जस्त आणि थोडे तांबे असा असतो. चांदीची नक्षी उठून दिसावी म्हणून तो काळा करतात, तेव्हाही तेथे नवसागर लागतोच. लेणी पाहायला आलात तर एखादी डबी हातात घेऊन पाहा.

आता गणित. सहा मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्या. पोलादाची घनता घनमीटरला ७,८५० किलो. तेव्हा एक टन पट्टीची एक बाजू भरते सुमारे २१ चौरस मीटर आणि दोन्ही बाजू मिळून सुमारे ४२. भारतीय मानक ४७५९ प्रमाणे पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादावर चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त असावे लागते. गुणाकार करा : जवळजवळ २६ किलो. म्हणजे एक हजार किलो पोलाद वाचवायला २६ किलो जस्त. जस्त पोलादापेक्षा कितीतरी महाग आहे हे खरे. पण लागते शेकडा तीनहून कमी.

हे ६१० ग्रॅम जस्त पसरले की लेपाची जाडी होते सुमारे ८५ मायक्रॉन. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) समुद्रापासून दूर, मध्यम प्रदूषणाच्या हवेत जस्ताची झीज वर्षाला साधारण ०.७ ते २.१ मायक्रॉन होते, आणि स्वच्छ, कोरड्या हवेत त्याहूनही कमी. तशाच मध्यम हवेत उघडे पोलाद वर्षाला २५ ते ५० मायक्रॉन झिजते. आपण आपल्या हिशेबासाठी जस्ताची झीज वर्षाला एक मायक्रॉन धरू. ८५ मायक्रॉन म्हणजे ८५ वर्षे! तुमच्या नातवंडांनाही तो खांब उभा दिसेल. दोन मायक्रॉन धरली तरी चाळीस वर्षे कोठे गेली नाहीत.

आता रुपये. पुढचे आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून खरे आकडे आणा आणि तेथे घाला. समजा, शंभर रुपयांच्या पोलादाला रंग द्यायला ८ रुपये लागतात आणि जस्तलेपनाला २० रुपये. दुकानात कोण जिंकले? रंग. पण दर सहा वर्षांनी पोलाद खरवडून, रेड ऑक्साइड लावून, वर रंगाचे दोन हात द्यावे लागले, तर तीस वर्षांत आणखी चार वेळा आठ-आठ रुपये जातात. एकूण झाले ४०. जस्ताचे मात्र तेच २०.

तुमच्यातला एखादा हुशार विद्यार्थी येथे हात वर करील, आणि त्याने तो करावाच. "पण वाचलेले १२ रुपये मी बँकेत ठेवले असते, त्यांचे व्याज?" बरोबर. व्याज शेकडा ७ धरा. सहा, बारा, अठरा आणि चोवीस वर्षांनी आठ-आठ रुपये हाती यावेत म्हणून आज किती रक्कम ठेवावी लागेल? चक्रवाढीच्या सूत्राने उत्तर येते सुमारे १३ रुपये. पहिले ८ मिळवून झाले २१. म्हणजे दोघे जवळजवळ बरोबरीत! जस्ताची बाजू घेणारे पुष्कळ लोक हे गणित दाखवत नाहीत. पण रंगाऱ्याची मजुरी आणि रंगाचा डबा तीस वर्षे आजच्याच भावात मिळणार आहे काय? तोही भाव वर्षाला शेकडा ५ ने वाढतो असे धरले, तर रंगाचा आजचा हिशेब ३२ रुपयांवर जातो. रंग दर सहा वर्षांनी वेळच्या वेळी दिलाच जाईल, असे आपण उदार मनाने गृहीत धरले आहे, हेही विसरू नका. तुमच्या गावच्या पाण्याच्या टाकीची शिडी शेवटची कधी रंगवली गेली, ते जरा विचारून पाहा.

काही ठिकाणी तर पुन्हा रंग देणे जवळजवळ अशक्यच असते. शेतांवरून गेलेले उच्चदाब विजेचे मनोरे पाहा. त्यांना रंग द्यायचा तर वीज बंद ठेवावी लागेल आणि माणसे उंचावर चढवावी लागतील. म्हणून ते मनोरे जस्तात बुडवलेल्या पट्ट्यांचेच बांधतात. शहराजवळून गेलेल्या समृद्धी महामार्गाच्या कडेचे पोलादी कठडे जस्ती आहेत. शेतातल्या सौर पंपाचा सांगाडाही जस्ती असतो, आणि त्यामागे साधा विचार आहे : वरचे सौर पॅनेल पंचवीस वर्षे चालणार असेल, तर खालचा सांगाडा दहाव्या वर्षी गंजून कसा चालेल? जेथे अभियंता वर्षे मोजतो, तेथे तो जस्त निवडतो. दिल्लीचे कमळ मंदिर १९८६ मध्ये पुरे झाले, तेव्हा त्याच्या पांढऱ्या पाकळ्यांवर आतल्या सळयांच्या गंजाचे डाग उमटू नयेत म्हणून सळयाही जस्तलेपित वापरल्या होत्या.

"ते मोठ्यांचे झाले, आणि मराठवाड्यात पाऊस तो किती! गंज हा कोकणचा रोग, तो येथे कशाला आणता?" हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. वरवर पाहता तो पटतोही. छत्रपती संभाजीनगरला वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही तीन-चार महिन्यांत. पण आकडे उलट बोलतात. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजते. म्हणजे तोच ८५ मायक्रॉनचा लेप तेथे दहा-वीस वर्षांत संपतो. त्याच किमतीचा लेप मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कितीतरी पट अधिक वर्षे देतो. कोकणात जस्तलेपन ही निकड आहे. येथे तो किफायतशीर सौदा आहे. आणि रंगाचे काय? आपल्याकडे रंगाला पाऊस मारत नाही, ऊन मारते. उन्हातील जंबुपार किरण रंगातील राळ कुजवतात. दुपारी पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, रात्री निवतो; या रोजच्या ताणाने रंगाला बारीक भेगा पडतात. मग जूनच्या पहिल्या सरीला वाट मोकळीच असते.

पत्र्याच्या घरांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या गावांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत किती घरांवर, गोठ्यांवर आणि शाळांच्या वर्गांवर पन्हळी पत्रे आहेत, ते तुम्ही जाणताच. सगळे जस्ती पत्रे सारखे नसतात. पत्र्यावर १२०, २७५ असे आकडे छापलेले असतात. ते दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे हे सांगतात. दुकानदार त्याला 'जी. एस. एम.' म्हणतो. २७५ ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. १२० ग्रॅम म्हणजे केवळ आठ. वर्षाला एक मायक्रॉन या आपल्या हिशेबाने एका पत्र्याचे जस्त १९ वर्षे पुरेल, दुसऱ्याचे आठ. जस्त संपले की अर्ध्या मिलिमीटरच्या पोलादाची चाळण व्हायला फार काळ लागत नाही. फरक किती जस्ताचा? चौरस मीटरला १५५ ग्रॅम. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चार किलोच्या आसपास भरतो. जस्त पोलादाच्या पाचपट महाग धरले, तरी किंमत फार तर पाचव्या हिश्शाने वाढेल, आणि आयुष्य वाढते दुपटीहून अधिक.

पण हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तो पाचवा हिस्सा आज जड जातो. म्हणून ते हलका पत्रा घेते, आठ-दहा वर्षांनी पुन्हा पत्रा घेते, आणि एकूण पाहता श्रीमंतापेक्षा महाग छपराखाली राहते. शिवाय पत्रा सगळीकडे सारखा जात नाही. जेथे भोक पाडून हूक लावलेला असतो, पाणी साचते, कापलेली कड उघडी असते, तेथे तो आधी जातो. हुकाभोवतीचे भोक गंजून मोठे झाले की पत्रा ढिला होतो. मग त्याच्यावर दगड ठेवतात. वळवाच्या वादळात पत्रा उडतो, आणि त्याबरोबर दगडही. अशा वेळी गंजाचा हिशेब रुपयांपुरता राहत नाही. घरकुलासाठी किंवा गोठ्यासाठी सरकारी मदत मिळते, तेव्हा पत्र्याची लांबी-रुंदी जशी पाहतात, तसे जस्ताचे ग्रॅमही पाहावेत, असे मला आग्रहाने वाटते. हूक, नट आणि वॉशरही जस्तीच हवेत.

सार्वजनिक खरेदीचेही असेच आहे. निविदा उघडल्या जातात आणि ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम मिळते. दिव्याचा खांब असो की बागेचे कुंपण, निविदेत किंमत असते, वर्षे नसतात. खांब बसवणारा अधिकारी पाच-सात वर्षांत बदलून जातो; गंजलेला खांब नंतरच्या माणसाच्या वाट्याला येतो. दोष एकट्याचा नाही, हिशेबाच्या पद्धतीचा आहे. दराशेजारी आणखी एक रकाना, 'प्रतिवर्षी किती' असा, घातला तर पुष्कळ निवडी आपोआप बदलतील. अमेरिकेतील नेस या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगाला क्षरणापायी वर्षाला सुमारे अडीच लाख कोटी डॉलर खर्च येतो, असा अंदाज केला आहे. हा जगाच्या एकूण उत्पन्नाचा ३.४ टक्के भाग झाला. आज माहीत असलेले उपाय नीट वापरले, तर त्यातला १५ ते ३५ टक्के खर्च वाचू शकेल, असेही त्यात म्हटले आहे.

याचा एक धागा शेजारच्या जालन्यापर्यंत जातो. १९८१ पर्यंत जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होते. तेथल्या भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करतात. मोडके लोखंड असे पुन्हा पुन्हा कामाला येते. पण जे लोखंड गंज होऊन धुळीत आणि गटारात गेले, ते भंगारवाल्याच्या तराजूत कधीच येत नाही. तेवढे लोखंड पुन्हा खाणीतून काढावे लागते, कोळसा जाळावा लागतो.

जस्ताचे गुण गाताना त्याच्या मर्यादा मात्र झाकू नयेत. हौदात मावेल तेवढीच वस्तू बुडवता येते. जायकवाडीहून शहराला पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्या सर्वांना माहीत आहेत. त्या फुटल्या की शहराचे काय हाल होतात, हेही. अशा मोठ्या पोलादी नळांना जस्तात बुडवत नाहीत. आतून सिमेंटचे अस्तर आणि बाहेरून निराळे लेप देतात. अम्ल आणि तीव्र अल्कली जस्ताला खातात. रासायनिक खताच्या पोत्यांखाली किंवा गोमूत्र साचणाऱ्या कोपऱ्यात जस्ती पत्रा लवकर जातो. घरातल्या बारीक नळांची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे, आणि ती योग्यच घेतली, असे मला वाटते. खोलीच्या आतल्या कोरड्या कपाटाला तर साधा रंग पुरतो. तेथे जस्ताचा हट्ट म्हणजे उधळपट्टीच. जस्तलेपनाच्या कारखान्यातून निघणारे अम्लाचे सांडपाणी उदासीन करूनच सोडावे लागते, नाहीतर वाचवलेला पैसा शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून वसूल होतो.

आता एक प्रयोग. काचेचे पाच पेले घ्या आणि प्रत्येकात अर्धा पेला पाणी आणि एक चमचा मीठ घाला. पहिल्यात साधा लोखंडी खिळा टाका. दुसऱ्यात जस्ती खिळा. तिसऱ्यात जस्ती खिळाच, पण कानशीने एका जागी खालचे पोलाद दिसेपर्यंत घासलेला. चौथ्यात साधा खिळा, त्याला जस्ती तार घट्ट गुंडाळून. पाचव्यात साधा खिळा, त्याला तांब्याची तार गुंडाळून. तांब्याच्या तारेवर लाखेचा लेप असेल तर तो आधी खरवडा. पेल्यांवर चिठ्ठ्या चिकटवा आणि आठ दिवस रोज एकाच वेळी पाहून वहीत नोंद करा. तिसऱ्या पेल्याकडे भिंगातून पाहा : घासलेली जागा लाल होते की तिच्या कडेचे जस्त पांढरे पडते? आणि पाचव्या पेल्यातला खिळा पहिल्यापेक्षा अधिक गंजला, तर का, याचे उत्तर वर कथिलाबद्दल जे लिहिले आहे त्यात शोधा.